शेजारणीच्या मालकाचं नाव

(पिंपळगाव रेणुकाई. उन्हं कललीत. सोनूबाई आत्ताच एस.टी.नं तालुक्याहून आलीय. सून सत्यशीला दारातच वाट बघत उभी.)

सत्यशीला: वर्ग बंद केला का न्हाई, एवढं तरी सांगा आत्याबाई.

सोनूबाई: आधी पाणी. मंग चहा. मंग तू खाशील. मंग मी सांगीन.

सत्यशीला: मला भूक न्हाई.

सोनूबाई: कालपासून न्हाई. परीक्षा घ्यायला आलेल्या रामराव गुरुजीनं पेपर पिशवीत कोंबले, तुही भूक बी त्याच पिशवीत गेली वाटतं. माह्या तोंडाकडं काय बघून राह्यली? तिथं निकाल छापलाय का?

सत्यशीला: तुम्ही हसत पण न्हाई, रडत पण न्हाई. मला काहीच कळंना.

सोनूबाई: उन्हात बसमधी उभी राहून आलेली बाई हसत न्हाई. टोपलं घे इकडं. बस. चतकोर भाकर खाल्ली की चतकोर सांगीन. उपाशी माणसाला चांगलं सांगितलं तरी पचत न्हाई आन् वाईट सांगितलं तर चक्कर येती.

सत्यशीला: म्हणजे वाईट आहे.

सोनूबाई: खा म्हणलं ना.

सत्यशीला: गुरुजींनी शेरा मारलाय, 'सामुदायिक कॉपी'. एवढे शब्द मी बाहेरून ऐकले. असा शेरा आला की साक्षरतेचा वर्ग बंदच करतात, शिकवणारीचं नाव काढून टाकतात. आणि बायांचं काय? शेतातून दमून यायच्या, तरी पाटी घेऊन बसायच्या. आता म्हणतील, हिच्या नादी लागलो आणि चोर ठरलो.

सोनूबाई: कोण म्हणंल? नाव सांग, आत्ता जाते तिच्या दारात. हं, पहिला घास गेला. ठेचा घे. आता ऐक. गेले मी. तालुक्याचा साक्षरतेचा साहेब खुर्चीवर. देवानंद साहेब म्हणतात त्याला, तुह्या थोरल्या भावाएवढा असंल. समोर रामराव गुरुजी आधीच येऊन बसल्ता. मांडीवर ती पिशवी अशी धरल्ती जशी काय बाजारातून कोंबडी आणलीय.

सत्यशीला: मंग?

सोनूबाई: साहेब म्हणला, आजी, तुम्ही त्या शिकवणाऱ्या बाईच्या कोण? म्हणलं, सासू हाये आन् तिच्या वर्गातली विद्यार्थीन बी हाये. आन् परीक्षेत जी बाई पहिल्यांदा उठली आन् आपला पेपर दुसरीच्या हातात दिला, ती बी मीच. आता काय विचारायचं ते विचारा.

सत्यशीला: असं सांगून टाकलं? गेल्या गेल्या?

सोनूबाई: मंग लपवू कशाला? म्या काय कुणाच्या वावरातली कणसं मोडली? साहेबानं विचारलं, पेपर काहून दिला? म्हणलं, नाव लिहायला. कुणाचं? माह्या मालकाचं. साहेब म्हणला, तुमच्या मालकाचं नाव तुम्हाला लिहिता येत न्हाई? म्हणलं, येतं की. म्हणून तर दुसरीला दिला.

सत्यशीला: अहो आत्याबाई, त्यांना ते कसं कळणार?

सोनूबाई: न्हाईच कळलं. माशी बसल्यावानी तोंड केलं त्यानं. गुरुजी लगेच मधी पडला, साहेब, हे सारे बहाणे. मी गुरुजीला म्हणलं, तुमच्या घरी गुरुजीनबाई तुमचं नाव घेऊन हाक मारतात का? तर म्हणे ते वेगळं. म्हणलं, वेगळं कसं हो? तुमच्या घरी ती रीत आन् आमच्या घरी बहाणा?

सत्यशीला: बापरे.

सोनूबाई: पाणी पी, ठसका लागंल. मंग साहेबाला सारं पहिल्यापासून सांगितलं. म्हणलं, साहेब, तुमच्या त्या पुस्तकात छापलंय, 'माझे पूर्ण नाव'. आपलं नाव लिहा, मालकाचं लिहा, आडनाव लिहा. ज्यानं कुणी हे छापलं त्याला आई-बहीण होती का न्हाई कुणास ठाऊक. आमच्या बायांनी पहिलं नाव लिहिलं, शेवटचं लिहिलं आन् मधी येऊन बैल बसावा तशा बसल्या. पदर तोंडावर. लेखणी हलंना. माही सून म्हणून राह्यली, अहो लिहिणं म्हणजे तोंडानं घेणं न्हाई. बाया म्हणल्या, तोंडानं घेतलं तर वाऱ्यावर जातं, पाटीवर तर बसून राहतं. ते जास्ती वाईट.

सत्यशीला: आठ-पंधरा दिवस तिथंच अडलो होतो. मला वाटलं, आपल्याकडून हे काम होत न्हाई.

सोनूबाई: तेच सांगितलं साहेबाला. म्हणलं, रडली बी चुलीपाशी. धूर लागला म्हणली. चूल विझल्ती.

सत्यशीला: हे कशाला सांगितलं?

सोनूबाई: खरं होतं म्हणून. आन् मंग म्हणलं, साहेब, एक दिस ही पोरगी वर्गात आली आन् म्हणली, मालकाचं नाव आपल्याला चालत न्हाई ना, मंग शेजारणीच्या मालकाचं तर चालतं? तुमच्या पाटीवर शेजारीण लिहील, तिच्या पाटीवर तुम्ही लिहा. बस. इतकी साधी गोष्ट. एवढ्या बाया बसल्या होत्या, कुणाच्या टाळक्यात आली न्हाई. माह्या बी न्हाई.

सत्यशीला: साधी कुठं होती? पहिल्याच दिवशी घोळ झाला. शेजारी बसलेली धाकटी जाऊ, तिला भायाचं, थोरल्या दिराचं, नाव चालेना. पलीकडची चुलत सून, तिला सासऱ्याचं. एकीच्या मालकाचं नाव रामकिसन, तर दुसरीच्या सासऱ्याचं पण रामकिसन. भावकीत कुणाचंच नाव कुणाला लिहिता येईना.

सोनूबाई: व्हय. तव्हा तू ओसरीत बांगड्यांचे तुकडे मांडून बसल्ती. एक तुकडा म्हणजे एक बाई. हिरवा हिकडं सरकव, लाल तिकडं सरकव. मी म्हणलं, सून सासरी येऊन सागरगोटे खेळून राह्यली.

सत्यशीला: तुम्ही म्हणला होता, डोकं फिरलं हिचं.

सोनूबाई: ते बी म्हणलं असंल. पण तुकडे जुळले ना? साहेबाला सांगितलं, भावकीतली भावकीजवळ बसवता येईना, तव्हा हिनं वरच्या आळीची बाई खालच्या आळीच्या बाईजवळ बसवली. देवळाच्या ओसरीवर खालच्या आळीचं बसणं चालंना म्हणून मी वर्ग उचलून निंबाखाली नेला. आन् माह्याजवळ बसली कांताबाई.

कांताबाई: कोण नाव घेऊन राह्यलं माहं?

सोनूबाई: ये. सैतानाचं नाव घेतलं आन् तो दारात.

कांताबाई: गाडी आल्याचा आवाज आला म्हणून आले. पोरीनं खाल्लं का?

सोनूबाई: अर्धी झाली. निकाल अजून सांगितला न्हाई.

कांताबाई: न्हाई सांगितला? तुम्ही माणूस हाये का कोण? मी सकाळपासून सरकी निवडून राह्यले, अर्धी मातीत गेली. आमचे मालक म्हणले, तुह्या हाताला आज काय झालं.

सोनूबाई: बस. तू बी ऐक. तूच तर मुख्य चोर. तुह्याच हातानं माह्या पेपरावर लिहिलंय.

कांताबाई: लिहिलंय तर. मी काय भीत न्हाई. साहेब आला असता तर त्याच्यासमोर लिहिलं असतं. कडूबा. क, मंग डला उकार...

सोनूबाई: अगं, हळू. सून बसलीय समोर, तिच्या सासऱ्याचं नाव हाये ते. मी बी बसलेय.

कांताबाई: तुमचे कान तुम्ही झाका. माह्या नात्यात बसत न्हाई.

सत्यशीला: कांतामावशी, परीक्षेच्या दिवशी आत नेमकं काय झालं ते मला कुणी धड सांगितलंच न्हाई. गुरुजींनी मला बाहेर बसवलं. साऱ्या बायांची लेकरं माझ्या मांडीवर. आतून गलका ऐकू आला, तोपर्यंत गुरुजी पेपर गोळा करून राह्यले होते.

कांताबाई: गुरुजीनं आल्याआल्याच घोटाळा केला. म्हणला, हजेरीप्रमाणं रांगेत बसा. हजेरीत एका घरच्या बाया एका ओळीत. झाली का पंचाईत? तू जुळवलेले सारे तुकडे त्यानं उधळले. सोनूबाई खिडकीपाशी, मी पार भिंतीकडं.

सोनूबाई: सारं लिहून झालं. बेरीज झाली, 'विहिरीचे पाणी उकळून प्यावे' झालं. शेवटी पूर्ण नाव. इकडं बघितलं तर जाऊ, तिकडं बघितलं तर जाऊ. सगळ्या बाया माह्याकडं बघून राह्यल्या. आता मी उठले न्हाई तर कोण उठणार? उठले आन् गेले भिंतीकडं. कांताबाईला म्हणलं, लिही.

कांताबाई: आन् माहा पेपर घेऊन खाली बसल्या. माह्या मालकाचं नाव लिहिलं. पहिलं अक्षर एवढं मोठं काढलं की माह्या आडनावाला जागा उरली न्हाई.

सोनूबाई: चष्मा न्हाई मला.

कांताबाई: मंग साऱ्याच उठल्या. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतात तशा बाया फिरून राह्यल्या. गुरुजी दोन्ही हात पसरून मधी उभा, म्हणे हा काय बाजार भरवला?

सत्यशीला: चूक माझीच. परीक्षेत जागेवरून उठायचं नसतं, दुसऱ्याच्या पेपरला हात लावायचा नसतो, हे मी सांगितलंच न्हाई. मला सुचलंच न्हाई की तिथं बसायची जागा बदलेल.

सोनूबाई: सांगितलं असतं तरी उठलोच असतो. ती रिकामी जागा तशी सोडून यायचं का? खा, चतकोर राह्यली. आता पुढचं. साहेबानं सारं ऐकलं. बोटानं टेबल वाजवून राह्यला. मंग म्हणला, आजी, गोष्ट चांगली हाये, पण नियमानं ही कॉपीच.

सत्यशीला: म्हणलेच शेवटी.

सोनूबाई: मी म्हणलं, साहेब, कॉपी म्हणजे काय? जे आपल्याला येत न्हाई ते दुसऱ्याचं बघून लिहिणं. आम्ही तर उलटं केलं. जे येतं ते लिहिलं न्हाई. त्याची शिक्षा कुठल्या पुस्तकात हाये?

कांताबाई: आन् मंग?

सोनूबाई: मंग त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. म्हणला, तुम्हाला लिहिता येतं ना? मी सांगतो ते नाव लिहा. दारात शिपाई उभा होता. म्हणला, ह्याचं नाव लिहा. नाव काय, तर फणा काढतो तो.

सत्यशीला: अगं बाई. तेच नाव?

कांताबाई: काय झालं? भुजंगच ना? सोपं हाये.

सत्यशीला: मावशी, आत्याबाईंच्या चुलत सासऱ्यांचं नाव तेच होतं.

सोनूबाई: लेखणी हातात आन् मी दगडावानी. गुरुजी खुशीत आला. म्हणला, बघा साहेब, मी काय सांगत होतो. म्या मनात म्हणलं, पोरीच्या साऱ्या मेहनतीवर पाणी पडतंय आन् ते बी कुणापायी, तर त्या म्हाताऱ्यापायी. जिता होता तव्हा बी नेमका कामाच्या वक्ताला आडवा यायचा.

कांताबाई: लिहून टाकायचं ना. तो काय वरून बघायला येणार होता?

सोनूबाई: तुला काय जातं बोलायला. मी लेखणी खाली ठेवली. म्हणलं, साहेब, हे नाव मला चालत न्हाई, नात्यात हाये. दुसरं द्या. साहेब हसला, पण तसा न्हाई, खरा हसला. मंग मी विचारलं, तुमच्या मंडळींचं नाव काय?

सत्यशीला: साहेबांना?

सोनूबाई: मंग कुणाला, टेबलाला? तो म्हणला, आमच्या घरी... आन् थांबला. म्हणला, आमचे घरचे... परत थांबला. शिपाई भिंतीकडं तोंड करून हसून राह्यल्ता. एवढा शिकलेला, कोट घातलेला माणूस, चारचौघात बायकोचं नाव त्याच्या जिभेवर येईना. मी काही बोलले न्हाई. बोलायची गरजच न्हाई पडली.

कांताबाई: तुम्ही आन् बोलल्या न्हाई?

सोनूबाई: बोलले न्हाई म्हणते ना. त्यानं शिपायाला चहा आणायला धाडलं. गुरुजीला म्हणला, तुम्ही जरा बाहेर थांबा. मंग हळूच, अगदी लेकरू कानात सांगतं तसं, त्यानं नाव सांगितलं. मी लिहिलं. सावकाश लिहिलं, पण बराबर लिहिलं.

सत्यशीला: काय नाव होतं?

सोनूबाई: ते मी सांगणार न्हाई. त्या माणसानं भरवशानं सांगितलं.

कांताबाई: बरं केलं.

सोनूबाई: तो कागदाकडं बघतच राह्यला. म्हणला, आजी, बाकीच्या गावात बाया आपलं नाव रांगोळीवानी काढतात. घोटून घोटून हाताला पाठ झालेलं असतं. दुसरीचं नाव सांगितलं की हात थांबतो. तुमच्या गावच्या बायांनी सगळ्यांनी दुसरीचं लिहिलंय. म्हणजे ह्यांना खरंच अक्षर कळतं. मंग तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

सत्यशीला: आणि शेरा?

सोनूबाई: भाकर संपली का?

सत्यशीला: संपली. हे बघा टोपलं.

सोनूबाई: खोडला.

सत्यशीला: काय?

सोनूबाई: शेरा खोडला. लाल पेनानं, माह्यासमोर. साऱ्या बाया पास. वर्ग चालू. अगं, आता काहून रडते? खाल्लेलं बाहेर येईल. कांताबाई, हिला धर.

कांताबाई: रडू द्या तिला. दोन दिवसाचं हाये. मला बी जरा पाणी द्या.

सत्यशीला: मी... मी तर बॅगेत कपडे भरून ठेवल्ते. माहेरी जाणार होते सकाळी.

सोनूबाई: माहीत हाये. बॅगेतून लुगडं काढून मीच परत दोरीवर टाकलं. असं कसं जाशील? सोमवारी साहेब येणार हाये.

सत्यशीला: इथं? कशाला?

सोनूबाई: आजूबाजूच्या गावच्या शिकवणाऱ्या पोरींना घेऊन. निंबाखाली आपल्या बाया कशा बसतात ते बघायला. म्हणला, ज्या बाईनं ही मांडणी काढली तिनंच सगळ्यांना समजून सांगावं.

सत्यशीला: मी? अहो, मला न्हाई जमणार. आपल्या बायांसमोर ठीक आहे. साहेब, बाहेरच्या शिकलेल्या पोरी... काय बोलू मी तिथं?

सोनूबाई: बोलू नको. बांगड्यांचे तुकडे मांड. हिरवा हिकडं, लाल तिकडं. त्यांना आपोआप दिसंल. मला कुणी बोलून समजावलं होतं का? मला तर शिव्या देता देता समजलं.

कांताबाई: मी आणते तुकडे. कालच्या आदळआपटीत माह्याच दोन बांगड्या फुटल्या.

सत्यशीला: आणि गुरुजी? त्यांना राग आला असेल.

सोनूबाई: एकाच गाडीनं आलो. पहिल्यांदा बाहेर बघत बसला. मंग हळूच म्हणला, आमच्या बी गावात बाया तिथंच अडून राह्यल्यात, भावकी मोठी हाये, कसं बसवायचं? म्या पदरातल्या शेंगा त्याच्या पिशवीवर मांडल्या आन् दाखवलं. चांगला माणूस हाये तसा. डोकं जरा हजेरीवर चालतं.

कांताबाई: शेंगा परत घेतल्या का?

सोनूबाई: त्यानं खाल्ल्या. दोन जावा आन् एक सासू खाल्ली, तव्हा कुठं त्याला कळलं.

सत्यशीला: आत्याबाई, मला हसवू नका, पोट दुखून राह्यलं.

सोनूबाई: दुखू दे. रिकामं होतं म्हणून दुखतं. आता चहा टाक. कांताबाई, तू बी घे. गूळ जरा जास्ती टाक गं, आज असू दे.

कांताबाई: तुम्ही फाट्यावरून सरळ घरी न्हाई आल्या. मी वाटंवर बघितलं न्हाई.

सोनूबाई: हिरीवरून आले. पाय धुवावे म्हणलं. उभं राहून राहून सुजल्ते.

कांताबाई: तेवढ्यासाठी इतका फेरा?

सोनूबाई: ह्यांनी हीर बांधली तव्हा वडरानं काठाला तो मोठा दगड बसवला ना, त्याच्यावर काही खोदलेलं हाये.

कांताबाई: हाये. सगळ्यांना माहीत हाये.

सोनूबाई: मला वाटायचं नक्षी हाये. आज पाय धुताना बघितलं. तुह्या हातानं पेपरावर लिहिलं ना, तेच. क, मंग तो डचा वाकडा पाय, मंग बा. पहिल्यांदा वाटलं ऊन लागलं. बसून परत बघितलं.

सत्यशीला: आत्याबाई, तुम्ही वाचलं?

सोनूबाई: मनात. तोंडानं न्हाई. मनात वाचलं तर नाव घेतल्यासारखं होतं का गं?

सत्यशीला: न्हाई होत.

कांताबाई: झालं तरी मी कुणाला सांगत न्हाई.

सोनूबाई: ते असते तर म्हणले असते, उशीर लावला.

कांताबाई: तेवढंच म्हणले असते. जास्ती बोलायची सवय न्हवती त्यांना.

सोनूबाई: चहा उतू चाललाय, बघ तिकडं. आन् घेऊन झाला की उजेड हाये तंवर पाण्याला जा. सत्या...

सत्यशीला: जी?

सोनूबाई: त्या दगडावर आपण घागर टेकवतो ना. ती आता जरा कडंला टेकव.